प्रवाळाचा आजार आणि पाण्याचा उपचार

दिसायला दगडासारखा किंवा झुडपासारखा असला, तरी प्रवाळ हा प्राणी आहे. त्याची वसाहत असंख्य सूक्ष्म जीवांनी बनलेली असते. यातील प्रत्येक जीवाला पॉलिप म्हणतात आणि त्याचे शरीर म्हणजे वर तोंड व तोंडाभोवती शुंडांचे कडे असलेली एक छोटी पिशवी असते. दगडी प्रवाळाचे पॉलिप आपल्याखाली कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचत जातात, तर मऊ प्रवाळ आणि त्यांचे नातलग असा सलग सांगाडा न उभारता मांसल अंगानेच वाढतात. यांपैकी उथळ पाण्यातील बहुतेक जातींच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल वस्तीला असते. प्रकाशाच्या साहाय्याने ते जे अन्न तयार करते, त्यातून प्रवाळाची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज भागू शकते, आणि त्या बदल्यात शैवालाला सुरक्षित निवारा व प्रवाळाच्या उत्सर्गातील नायट्रोजनयुक्त द्रव्ये मिळतात. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ आजारी पडतो, तेव्हा बहुतेक वेळा बिघडलेली असते ती हीच भागीदारी, आणि तिच्या बिघाडाचे मूळ प्रवाळात क्वचित, पाण्यात बहुधा सापडते.

महाराष्ट्रातील वाचकाने या विषयाकडे वळताना कायद्याची बाजू प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून तेथे पोराइटिस, टर्बिनेरिया, फेवाइट्स यांसारखे, पावसाळ्यातील गढूळ पाणी सोसणारे दगडी प्रवाळ आढळतात. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात असलेल्या, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँक या जलमग्न पठारावरही प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. मात्र सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाल्यामुळे ते समुद्रातून काढणे, विकणे किंवा बाळगणे हा गंभीर गुन्हा ठरतो. त्यामुळे भारतीय घरातील टाकीत ज्यांच्या शुश्रूषेचा विचार करायचा, ते रुग्ण म्हणजे त्या यादीबाहेरचे झोअँथिड, मशरूम प्रवाळ आणि लेदर प्रवाळ हे मांसल जीव होत. तेही कायदेशीर मार्गाने, पावतीसह आणि शक्यतो टाकीतच वाढवलेल्या तुकड्यांच्या रूपात घेतलेले असावेत.

उपचारापूर्वी निदान हवे, आणि निदानासाठी प्रवाळ बारकाईने पाहावा लागतो. उष्णता, तीव्र प्रकाश किंवा क्षारतेतील अचानक बदल यांमुळे ताण आला की प्रवाळ आपल्या ऊतींमधील शैवाल बाहेर टाकतो आणि त्याचा रंग उडतो. या अवस्थेला विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो. त्याचे अंग फिकट व काचेसारखे पारदर्शक दिसले, तरी ते फुगलेले असते, आणि स्पर्श झाला किंवा अन्न पोहोचले की शुंड हालतात. ऊतीच सडत असतील, तर मात्र कडा चिंध्यांसारख्या लोंबू लागतात, त्यांवर तपकिरी चिकट थर जमतो आणि दुर्गंधी येते. फिकट पडलेल्या प्रवाळाला वेळ देता येतो, सडणाऱ्या प्रवाळाबाबत त्याच दिवशी निर्णय घ्यावा लागतो. कधी कधी आजाराचा केवळ भास होतो, आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणजे लेदर प्रवाळ. तो अधूनमधून काही दिवस सर्व पॉलिप मिटून घेतो, त्याच्या पृष्ठभागावर मेणासारखी चकाकी येते आणि नंतर तो थर पापुद्र्यासारखा सुटून जातो. अंगावर साचलेले शैवाल व घाण झटकण्याची ही त्याची नैसर्गिक रीत असून अशा वेळी पाण्याचा प्रवाह थोडा वाढवण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही.

निदानाचा दुसरा भाग म्हणजे पाण्याची तपासणी. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, क्षारता हजार भागांत ३५ भाग, अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला साधारण २ ते १० मिलिग्रॅम आणि अल्कता ८ ते ९ डीकेएच ही प्रवाळटाकीची सर्वमान्य मापे आहेत. अल्कता म्हणजे पाण्याचा सामू, अर्थात पीएच, स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेट क्षारांचे प्रमाण. यातील प्रत्येक आकडा महत्त्वाचा असला, तरी त्याहून अधिक महत्त्व आकडा जागेवर राहण्याला आहे, कारण किंचित उण्या पण स्थिर पाण्याशी प्रवाळ जुळवून घेतो, रोज हेलकावे खाणारे पाणी मात्र त्याला सोसत नाही.

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या येवल्यासारख्या गावी ही स्थिरता राखण्याची खरी परीक्षा होते. येवला तालुका अवर्षणप्रवण आहे आणि पाण्यासाठी तो पालखेडच्या डाव्या कालव्याची आवर्तने, विहिरी आणि कूपनलिका यांवर अवलंबून असतो. काळ्या पाषाणातून झिरपलेले भूजल कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे जड असते, त्यात शेतातील खतांचे नायट्रेट उतरलेले असू शकते, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. अशा पाण्यात समुद्री मीठ मिसळल्यास मिठातील क्षारांचे मोजके प्रमाण बिघडते आणि टाकीत नको असलेल्या शैवालाला आयते खत मिळते. म्हणून पाणी आरओ यंत्रातून आणि त्यानंतर आयन शोषणाऱ्या रेझिनमधून काढून, विरघळलेल्या घटकांचे माप म्हणजे टीडीएस शून्यावर आल्यावरच वापरावे लागते. पिण्यासाठी बसवलेले आरओ यंत्र येथे पुरेसे ठरत नाही, कारण चवीसाठी त्यातील टीडीएस कंट्रोलर थोडे मूळ पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळत असतो. पितळी तोट्या व तांब्याच्या नळ्याही टाळाव्यात, कारण तांब्याचा अल्प अंशसुद्धा प्रवाळासारख्या अपृष्ठवंशी जीवांना घातक असतो.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, पण मीठ मागेच राहते. २०० लिटरच्या टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडाले आणि तीन दिवस भर घातली गेली नाही, तर क्षारता ३५ वरून ३७ च्या वर जाते. अशा वेळी उडालेल्या पाण्याची भर शुद्ध गोड्या पाण्यानेच आणि रोजच्या रोज घालायची असते. तेथे मिठाचे पाणी ओतल्यास क्षारता आणखी वाढत जाते. कोरडी हवा एका अर्थी उपकारकही ठरते, कारण माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते, त्याच तत्त्वाने पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला छोटा पंखा टाकीचे तापमान काही अंशांनी उतरवू शकतो, आणि चिलर नावाच्या महागड्या शीतयंत्राची गरज पुष्कळदा उरत नाही. वीज गेल्यावर पंखा आणि प्रवाह दोन्ही थांबून प्राणवायू घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असणे हिताचे ठरते.

दोष सापडला की तो एका दिवसात दूर करण्याचा मोह होतो, आणि आजारी प्रवाळ दगावण्याचे तेही एक कारण असते. समजा नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅम झाले आहे. दर आठवड्याला टाकीतील १० टक्के पाणी बदलल्यास, नवी भर पडली नाही तर, पाच आठवड्यांत ते सुमारे २४ वर येते. ही गती संथ वाटली, तरी प्रवाळाला मानवणारी आहे. नवे मिश्रण टाकीच्याच तापमानाचे व क्षारतेचे करून, काही तास ढवळत ठेवून मगच वापरावे. एका वेळी एकच घटक बदलावा आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये, म्हणजे सुधारणा कशामुळे झाली हे कळते. अमोनिया किंवा विषारी धातू यांसारखा तातडीचा धोका असेल, तेव्हाच मोठ्या प्रमाणावर पाणी बदलण्याचा आणि सक्रिय कोळसा वापरण्याचा अपवाद करावा.

शैवाल गमावलेल्या प्रवाळाला तीव्र प्रकाश सोसत नाही, म्हणून त्याला काही आठवडे मंद प्रकाशात ठेवून नंतर प्रकाश टप्प्याटप्प्याने वाढवतात. प्रवाह सौम्य पण बदलता असावा, म्हणजे अंगावर कचरा साचत नाही आणि ऊतीही फाटत नाहीत. अन्नाचे महत्त्व या काळात वाढते. हवाई बेटांजवळील विरंजित प्रवाळांवरील जे संशोधन २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यात एका जातीने प्राणिप्लवकांचे भक्षण वाढवून आपली दैनंदिन ऊर्जेची गरज पूर्णपणे भागवल्याचे आढळले. मात्र सर्वच जातींना हे जमत नाही, हेही त्याच संशोधनात दिसले. घरच्या टाकीत ब्राइन श्रिंपची नुकतीच उबवलेली पिले, पॉलिप उघडे असताना, पंप थोडा वेळ थांबवून आठवड्यातून एक-दोनदा थेंबाथेंबाने देता येतात. उरलेले अन्न लगेच काढले नाही, तर ते कुजून तोच नायट्रेटचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

परजीवींची शंका असल्यास प्रवाळ टाकीतील पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यात, आयोडीनयुक्त किंवा तयार मिळणाऱ्या द्रावणात, उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात व वेळेपुरता बुडवून, स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळून परत ठेवतात. झोअँथिड खाणाऱ्या चिमुकल्या समुद्री गोगलगायी दिवसा झोअँथिडाच्याच रंगात लपतात, म्हणून रात्री विजेरीच्या प्रकाशात त्यांचा शोध घ्यावा लागतो. बुडवणीने त्यांची अंडी मरत नसल्याने ती खरवडून काढून काही दिवसांनी उपचार पुन्हा करावा लागतो. सडणारा भाग निरोगी ऊतीच्या थोडे आतून धारदार पात्याने कापून निरोगी तुकडा वेगळा वाढवणे हाही उपाय आहे, पण झोअँथिडांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआ गटात, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. हातमोजे आणि चष्मा यांवाचून त्यांना कापू नये, आणि त्यांची वस्ती असलेला खडक कधीही उकळू नये, कारण त्या वाफेने संपूर्ण कुटुंबाला विषबाधा होऊ शकते. फ्लोरिडाच्या समुद्रात २०१४ पासून पसरलेल्या ऊतीनाशक रोगावर अमॉक्सिसिलिनचा लेप लावला जातो खरा, परंतु तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रोगट कडेपुरताच लावला जातो. घरच्या टाकीत प्रतिजैविक ओतल्यास अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणूच मरतात आणि रोगापेक्षा औषध महाग पडते.

आधी पाणी आणि मग प्रवाळ, हाच क्रम समुद्रात प्रवाळ रुजवण्याच्या कामालाही लागू पडतो. मन्नारच्या आखातात २००२ पासून तुटलेल्या प्रवाळांचे तुकडे सिमेंटच्या आधारांवर रुजवले जात आहेत, आणि गुजरातेत मिठापूर येथे २०२० मध्ये पोलादी सांगाड्यातून सौम्य वीजप्रवाह सोडून त्यावर खनिजांचा थर जमवण्याचे तंत्र वापरण्यात आले. परंतु रुजवलेला तुकडा टिकतो तो पाणी साथ देईल तेवढाच काळ. २०१६ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला, तेव्हा मन्नारच्या आखातात मोठ्या प्रमाणावर प्रवाळ मेले. टाकीचे तापमान एका पंख्याने उतरवता येते, समुद्राचे येत नाही. म्हणून मालवणला जाणाऱ्या पर्यटकाने प्रवाळावर पाय न ठेवणे, होडीवाल्याने त्यावर नांगर न टाकणे आणि येवल्यातील हौशी माणसाने समुद्रातून तोडलेला दगडी प्रवाळ विकत न घेणे, एवढे तरी त्यांच्या हाती आहे. ज्याने एखादा फिकट पडलेला झोअँथिड महिनोन्‌महिने सांभाळून पुन्हा रंगात आणला असेल, त्याला तोडलेल्या प्रवाळाची खरी किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.