स्प्रिंगवाल्या बॅटचा माणूस

ज्याच्या नावानं बोटं मोडत आपण लहानाचे मोठे झालो, तोच एक दिवस ‘आपल्या’ निळ्या जर्सीत दिसला आणि आपण चक्क टाळ्या वाजवल्या! रिकी पॉन्टिंग नावाच्या जुन्या दुश्मनाची ही गोष्ट, थेट बीडच्या गल्लीतून.

तुमच्याही शाळेत ही बातमी आली होती का हो? पॉन्टिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग होती, ती पकडली गेली आणि आता वर्ल्ड कपची फायनल परत होणार! बीडमध्ये ती आमच्यापर्यंत कशी पोचली ते देव जाणे. तेव्हा ना व्हॉट्सअ‍ॅप होतं, ना हातात मोबाइल. पण आठवडाभर शाळेत दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा जेमतेम पहिलीत. फायनल परत कधी आहे, हे मी रोज काकांना विचारायचे. काका नुसते ‘हूं’ म्हणायचे. परत काही होणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण पोरांचं मन कोण मोडणार?

तारीख होती २३ मार्च २००३, रविवार. दुपारची मॅच म्हणजे लोडशेडिंगची धास्ती, म्हणून ज्याच्याकडे बॅटरीची सोय त्याच्या घरी अख्खी गल्ली जमलेली. जोहान्सबर्गला पॉन्टिंगनं १२१ बॉलमध्ये नाबाद १४० ठोकले, त्यात ८ सिक्सर. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९. मग पहिल्याच ओव्हरला मॅकग्रानं सचिनला ४ रनांवर परत पाठवलं आणि निम्मी गल्ली उठून घरी गेली. सेहवागनं ८२ केले, पण आपण १२५ रनांनी हरलो.

बीडकरांना त्या पराभवाची जरा जास्तच चुटपूट होती. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर त्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये होता ना! फायनलच्या अकरा जणांत नव्हता, पण ‘आपला माणूस तिथं बसलाय’ या कल्पनेनंच कॉलर टाइट व्हायची.

व्हिलन नंबर वन

गंमत बघा, त्याआधी हाच पॉन्टिंग आपल्याकडे चेष्टेचा विषय होता. २००१ च्या भारत दौऱ्यात तीन टेस्टच्या पाच इनिंगमध्ये त्यानं मिळून १७ रन केले आणि पाचही वेळा त्याची विकेट हरभजननं काढली. ज्याला हसलो त्यानंच दोन वर्षांत रडवलं, म्हणून राग दुप्पट!

त्या रागात मग भर पडत गेली. ५ नोव्हेंबर २००६, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. ऑस्ट्रेलियानं चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. ट्रॉफी द्यायला स्टेजवर बीसीसीआयचे तेव्हाचे अध्यक्ष शरद पवार. पॉन्टिंगनं बोटानं खूण करत ट्रॉफी मागितली आणि डॅमियन मार्टिननं पवारांच्या पाठीला हात लावून त्यांना बाजूला सारलं. झालं! पवारांच्या विरोधात मतदान करणाऱ्यांचंही रक्त त्या दिवशी खवळलं. राजकारण आपल्या जागी, पण वडीलधाऱ्या माणसाशी असं वागायचं? पुढे पॉन्टिंगनं माफी मागितली, पवारांनीही विषय संपवला. आपण मात्र तो जपून ठेवला.

मग जानेवारी २००८ ची सिडनी टेस्ट. गांगुलीचा कॅच क्लार्कनं नीट पकडला का, असा प्रश्न होता. अंपायर बेन्सननं पॉन्टिंगला विचारलं आणि त्यानं स्वतःच बोट वर केलं! कॅप्टनच अंपायर झाल्यावर बोलायचं काय? हरभजन-सायमंड्सचा वादही त्याच मॅचमधला. आपण १२२ रनांनी हरलो.

आणि या सगळ्यांच्या मुळाशी एक भीती होती, जी मोठ्यानं कुणी बोलत नसे : हा बाबा सचिनला मागे टाकणार की काय? त्याच्या सेंच्युऱ्या मोजणारी पोरं आमच्या गल्लीत होती. प्रेमापोटी नाही, धास्तीपोटी! शेवटी २०१२ च्या डिसेंबरमध्ये तो पर्थला रिटायर झाला तेव्हा त्याच्या नावावर १६८ टेस्ट, १३,३७८ रन आणि ४१ सेंच्युऱ्या होत्या. सचिन पुढेच राहिला. आपण सुटकेचा श्वास सोडला.

निळ्या जर्सीतला दुश्मन

आणि दोनच महिन्यांत बॉम्ब पडला. आयपीएल २०१३ च्या लिलावात मुंबई इंडियन्सनं त्याला चार लाख डॉलरना घेतलं आणि वर कॅप्टन केलं. ओपनिंगला सचिन आणि पॉन्टिंग एकत्र! त्याच टीममध्ये हरभजनसुद्धा. आमच्या काकांनी टीव्हीसमोर कपाळाला हात लावला. आता टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?

बॅट काही चालली नाही. ६ मॅचमध्ये ५२ रन. पण उन्मुक्त चंदचा झेप घेऊन पकडलेला तो कॅच आठवतोय? अडतिशीतला माणूस हवेत आडवा! काकांच्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं आणि मग ते स्वतःच ओशाळले. पण मनातला बर्फ खरा फोडला तो पुढच्या गोष्टीनं. रन होत नाहीत म्हटल्यावर पॉन्टिंग स्वतःहून बाहेर बसला. कॅप्टन झाला रोहित शर्मा. २६ मे २०१३ ला ईडन गार्डन्सवर चेन्नईला २३ रनांनी हरवून मुंबईनं पहिली ट्रॉफी उचलली, तेव्हा पॉन्टिंग टीमच्या टी-शर्टमध्ये होता, प्लेइंग इलेव्हनमध्ये नव्हता.

‘मी’ म्हणजेच टीम असं ज्याच्याबद्दल आपल्याला वाटायचं, त्यानंच टीमसाठी ‘मी’ बाजूला ठेवला होता. विचार करा, आपल्या ऑफिसमध्ये किती बॉस असं करतील? टार्गेट पूर्ण होत नाही म्हणून स्वतःची खुर्ची ज्युनियरला देणारा एक तरी दाखवा, पार्टी माझ्याकडून!

२०१५ मध्ये तो मुंबईचा हेड कोच झाला. पहिल्या चारही मॅच हरून टीम गाळात होती. तिथून तिनं थेट ट्रॉफी मारली.

जर्सीचा चमत्कार?

आता खरा खोचक प्रश्न. हा आदर खरा की जर्सीचा? आपल्या बाजूला आला म्हणून चांगला, असंच ना?

थोडं तसं आहे, कबूल. पण मला वाटतं, आदर आधीपासूनच होता, फक्त कबूल करायला निमित्त हवं होतं. २०११ च्या क्वार्टर फायनलला अहमदाबादमध्ये त्यानं एकट्यानं १०४ केले आणि युवराजनं आपल्याला मॅच जिंकून दिली. त्या दिवशी आपण जिंकलो म्हणून त्याची सेंच्युरी मोकळेपणानं बघता आली. हरलेल्या माणसाला समोरच्याचं मोठेपण दिसत नाही, जिंकल्यावर दिसतं. स्प्रिंगची अफवा तरी काय होती? इतकं भारी कुणी नुसत्या बॅटनं खेळूच शकत नाही, हे आपणच तर म्हणत होतो! शत्रूला दिलेली याहून मोठी दाद कोणती?

पुढचा नंबर कुणाचा?

बीडच्या पोरांची कहाणी मात्र तिथंच थांबली नाही. बीडचा सचिन धस, ज्याचं नाव वडिलांनी तेंडुलकरवरून ठेवलं, २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये ९६ रन करून गेला. ४ बाद ३२ वरून त्यानं आणि उदय सहारननं मॅच खेचून आणली. फायनल कुठे? दक्षिण आफ्रिकेत, बेनोनीला. समोर कोण? ऑस्ट्रेलिया. निकाल? तुम्ही ओळखलंच असेल... ७९ रनांनी हरलो.

त्याच्या तीनच महिने आधी, १९ नोव्हेंबर २०२३ ला, अहमदाबादच्या फायनलमध्ये ट्रॅव्हिस हेडनं १३७ रन करून अख्खा देश गप्प केला होता. आमच्या घरातल्या सात वर्षांच्या भाच्यानं त्या रात्री मला गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “मावशी, हेडच्या बॅटमध्ये काहीतरी असेल ना?”

मी नुसतं ‘हूं’ म्हटलं.