दार किती वेळा उघडलं?

आमच्या वडोद्यात मंडळापुढे निबंध वाचायचो तेव्हा समोर वीस-बावीस माणसं असत. दोघे डुलक्या घेत, एक जण हमखास उठून "याला पुरावा काय?" म्हणून विचारी. आता निबंध संकेतस्थळावर टाकला की आठवड्यात आकडा हजारावर जातो. मी मूळचा इंजिनीअर, मीटरवर विश्वास ठेवायची सवय. पण हा मीटर दार किती वेळा उघडलं एवढंच मोजतो.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं. त्यातलं फिरतं वाचनालय म्हणजे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी. ती गावोगाव जाई आणि मुदत संपली की परत येई. परत आलेलं पुस्तक हाताळलेलं आहे की कोरं, हे उघडताच कळतं. आमचे निबंध नुसतेच जातात.

मागे एका घराण्याच्या मोडी पत्रावर लिहिलं. पत्रावर शुहूर सन 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे ११६१, आणि महिना रबिलावल. मी सरळ ६०० मिळवले आणि पत्र १७६१ चं ठरवलं. इथेच घसरलो. शुहूर सन सुरू होतो मृगाला. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षी रबिलावल ऑक्टोबरात पडला होता, म्हणजे पत्र १७६० चं. फरक एकाच वर्षाचा, पण मध्ये १४ जानेवारी १७६१ आहे. पानिपत!

हजारांनी निबंध पाहिला, अंगठे आले, 'अप्रतिम' आले. चूक कुणीच सांगितली नाही. सात महिन्यांनी त्याच घराण्यातल्या एका आजींचा फोन आला. नातीने त्यांना निबंध मोठ्याने वाचून दाखवला होता.

"अहो भाऊ, ते तर पानपतावर गेले ना? मग हे पत्र लिहिलं कुणी?"

मला ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या घरच्या वंशावळीत ते लिहिलेलं होतं. त्याच रात्री दुरुस्ती केली आणि चूक काय होती तेही खाली लिहिलं. तेव्हापासून प्रत्येक निबंधाखाली पत्राचा फोटो, मूळ तारीख आणि मी केलेली बेरीज देतो, कुणालाही ताडून पाहता यावी म्हणून.

आजींकडे अजून तीन रुमाल कागद निघालेत. नात दर रविवारी चार-पाच फोटो पाठवते आणि त्या फोनवर विचारतात, "लागलं का काही?"