शिक्क्यात उरलेले गाव : टपाल तिकिटे आणि पोस्टकार्डे जमविण्याचा साधा आनंद

दिल्लीला लागून असलेले गुरुग्राम हे शहर आज काचेच्या उंच इमारती, परदेशी कंपन्यांची कार्यालये आणि दिवसभर दारावर येणारी पार्सले यांसाठी ओळखले जाते. हरियाणा सरकारने एप्रिल २०१६ मध्ये शहराचे गुडगाव हे नाव बदलून गुरुग्राम करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यानंतर रस्त्यांवरील पाट्या, कागदपत्रे आणि नकाशे बदलत गेले. जुनी पत्रे मात्र बदलत नाहीत. १९८३ मध्ये येथे मारुती मोटारींचे उत्पादन सुरू झाले आणि पुढील काळात नोकरीनिमित्त महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे या परिसरात आली. त्या दिवसांत येथून पुण्याला, नागपूरला किंवा बेळगावला गेलेल्या पोस्टकार्डावर काळ्या शाईचा जो गोल शिक्का उमटला, त्यात गुडगाव हेच नाव आहे. पाठविणाऱ्याने पत्त्यात लिहिलेले १२२००१ हे सहा आकडे मात्र आजही तेच आहेत.

असे कार्ड कोणत्याही मोठ्या लिलावात जाणार नाही. तरीही टपाल साहित्याच्या संग्राहकाच्या दृष्टीने ते रिकामे नसते. कोठून निघाले, कोणत्या तारखेला निघाले, किती दराने गेले आणि कोणत्या भाषेत लिहिले गेले, हे सर्व त्यावर नोंदलेले असते. टपाल तिकिटांचा विषय निघाला की बातम्यांत सहसा कोट्यवधींच्या किमतीच येतात. ब्रिटिश गयानाचे १८५६ मधील एक सेंटचे किरमिजी तिकीट २०१४ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सुमारे ९५ लाख डॉलरना विकले गेले, ही अशीच एक बातमी. या तिकिटाची जगात एकच प्रत ज्ञात आहे. अशा बातम्यांमुळे छंदाला प्रसिद्धी मिळते, पण घरातील जुन्या पत्रांत काही 'मौल्यवान' नाही असे दिसताच ती रद्दीत टाकण्याची घाईही वाढते. या छंदातील रोजचा आनंद बहुतांशी अशाच स्वस्त, वापरलेल्या कागदांत आहे.

सहा आकड्यांमागील मराठी अधिकारी

पत्त्याच्या शेवटी लिहिला जाणारा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाला. तत्कालीन दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत आखली. वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी कवी आणि नाटककार होते. गणिती शिस्तीची ही रचना एका संस्कृत कवीच्या हातून झाली, याचे अनेकांना नवल वाटते. छंदशास्त्राशी परिचय असलेल्यांना ते तितकेसे वाटू नये.

या रचनेची गरज उघड होती. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी वडगाव, पिंपळगाव किंवा खेड या नावांची किती गावे सापडतील याची गणती करणे कठीण आहे. शिवाय पत्ते अनेक भाषांत आणि अनेक लिप्यांत लिहिले जात. वेलणकरांच्या योजनेत देशाचे आठ भौगोलिक विभाग करण्यात आले आणि नववा सैन्याच्या टपालासाठी राखण्यात आला. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे मिळून पत्रांची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन आकडे पत्र वाटणारे टपाल कार्यालय दाखवितात. म्हणून १२२००१ मधील १ हा आकडा उत्तर विभागाचा, १२२ हा गुरुग्रामचा आणि ००१ तेथील मुख्य टपाल कार्यालयाचा. मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४००००१ हाही त्याच पद्धतीने वाचता येतो.

संग्राहकाला या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग होतो. शिक्क्यावरील तारीख पुसट असेल आणि पाकिटावर पिन कोडसाठी सहा चौकोन छापलेले असतील, तर ते पाकीट १९७२ च्या आधीचे असू शकत नाही. १९७३ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या 'इंडिपेक्स' या जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनाचे अध्यक्षपदही वेलणकर यांच्याकडेच होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ते सेवानिवृत्त झाले.

सिंधपासून नाशिक रोडपर्यंत

टपालखर्च पत्र घेणाऱ्याऐवजी पाठविणाऱ्याने आधीच भरावा आणि त्याची पावती म्हणून पत्रावर एक लहानसा कागद चिकटवावा, ही कल्पना ब्रिटनमध्ये रोलंड हिल यांच्या सुधारणांतून मे १८४० मध्ये प्रत्यक्षात आली. बारा वर्षांनी, १ जुलै १८५२ रोजी, सिंध प्रांताचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी 'सिंध डाक' या नावाने अर्ध्या आण्याची तिकिटे काढली. आशियातील ही पहिली टपाल तिकिटे होत. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. यांतील लाल तिकीट ठिसूळ चकतीवर उठविलेले असल्याने सहज तडकत असे, त्यामुळे त्याच्या फार थोड्या प्रती उरल्या. ऑक्टोबर १८५४ पासून संपूर्ण ब्रिटिश भारतासाठी तिकिटे आली. त्यांतील चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत, दोन वेळा छापावे लागे आणि काही कागदांवर राणी व्हिक्टोरियाचे मस्तक उलटे छापले गेले. छपाईतील चूक संग्राहकाला भाग्य वाटते, याचे भारतातील हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

त्यानंतर दीर्घकाळ भारताची तिकिटे लंडनहून छापून येत. नाशिक रोड येथे भारत प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाल्यावर, १९२६ पासून, ती महाराष्ट्रात छापली जाऊ लागली. फेब्रुवारी १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्‌घाटनानिमित्त निघालेला सहा तिकिटांचा संच याच नाशिकच्या छापखान्यातला. पुराना किल्ला, आज इंडिया गेट म्हणून ओळखली जाणारी कमान, सचिवालय अशी दृश्ये तिकिटांवर आली ती यावेळी. दिल्ली परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाने हा संच पाहताना राजधानीचे चित्र आणि नाशिकची शाई असा मेळ ध्यानात घ्यावा.

स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर तिरंगा आणि देवनागरीतील 'जय हिंद' ही अक्षरे होती. किंमत साडेतीन आणे. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला निघालेली महात्मा गांधींची चार तिकिटे मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली. खादीचा पुरस्कार करणाऱ्या नेत्याची तिकिटे परदेशात छापावीत यावर तेव्हापासून टीका होत आली आहे. २०११ मध्ये टपाल खात्याने गांधीजींचे तिकीट प्रत्यक्ष खादीच्या कापडावर छापले.

विषय धरून संग्रह करणाऱ्यांना महाराष्ट्राशी संबंधित तिकिटांची वाण नाही. शिवाजी महाराज १९६१, दादासाहेब फाळके १९७१, महात्मा फुले १९७७, सावित्रीबाई फुले १९९८ अशी ती मांडता येतात. यांत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १९५८ चे तिकीट वेगळे आहे. कर्वे यांना शंभरावे वर्ष पुरे होत असताना, ते हयात असताना, ते काढण्यात आले. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर आलेली ही पहिली हयात व्यक्ती. स्वतःचेच चित्र लावून आलेले पत्र उघडण्याची संधी अण्णासाहेबांना मिळू शकत होती, ही गोष्ट छोटी असली तरी संग्रहाचे पान उलटताना हटकून थांबविणारी आहे.

पाव आण्याचे कार्ड

पोस्टकार्ड ही ऑस्ट्रिया-हंगेरीची देणगी. तेथे ते १ ऑक्टोबर १८६९ रोजी प्रथम निघाले. भारतात १ जुलै १८७९ पासून पाव आण्याला कार्ड मिळू लागले आणि पत्रव्यवहार सामान्यांच्या आवाक्यात आला. खुल्या कार्डावर घरगुती मजकूर लिहावा कसा, असा संकोच असला तरी जागेच्या मर्यादेने लोकांना थोडक्यात लिहायला शिकविले. 'सर्व क्षेम आहे' या दोन-तीन शब्दांत केवढी बातमी मावते, हे जुनी मराठी कार्डे वाचणाऱ्याला ठाऊक असते. एका कोपऱ्यात 'श्री', मग तारीख-वार, 'सा. न. वि. वि.' आणि जागा संपल्यावर कडेने उभी लिहिलेली शेवटची ओळ, असा कार्डाचा ठरलेला थाट असे. टोकाला फाडलेले कार्ड निधनाची वार्ता आणी. असे कार्ड वाचून घरात न ठेवण्याची चाल असल्याने ते संग्रहात क्वचितच आढळते.

सचित्र कार्डांचा इतिहास निराळा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत त्यांची मोठी लाट आली. कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईतील माणसे, पेहराव आणि व्यवसाय रंगविले आणि त्यांची ती चित्रे कार्डांवरून दूरदेशी गेली. त्या काळातील कार्डांचे वय ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पूर्वी कार्डाची पूर्ण मागील बाजू पत्त्यासाठी राखीव असे, त्यामुळे मजकूर चित्राच्या भोवती दाटीवाटीने लिहावा लागे. मागील बाजूचे दोन भाग करून एकावर मजकूर लिहिण्यास ब्रिटनने १९०२ मध्ये परवानगी दिली आणि इतर देशांनी पुढील काही वर्षांत तिचे अनुकरण केले.

टेबलावरचे काम

या छंदाला फार साहित्य लागत नाही. सपाट टोकाचा चिमटा, एक भिंग, टिपकागद आणि पारदर्शक पट्ट्यांची वही एवढ्यावर वर्षे निघतात. तिकीट बोटांनी धरू नये, कारण हाताचा घाम कागदाला डाग देतो. पाकिटावरील जुने तिकीट काढायचे असल्यास ते कागदासह कापून कोमट पाण्यात ठेवावे. काही मिनिटांत डिंक सुटतो आणि तिकीट तरंगू लागते. मग ते टिपकागदावर उपडे ठेवून वर जाड पुस्तकाचे वजन द्यावे. रंगीत पाकिटे वेगळी भिजवावीत, नाहीतर सगळी तिकिटे गुलाबी होऊन बाहेर येतात. मागे चिकट थर असलेली अलीकडची काही तिकिटे पाण्याने सुटतच नाहीत; ती कागदासहच ठेवणे शहाणपणाचे. तिकिटाच्या कडेचे दात मोजणे हाही एक उद्योग आहे. दोन सेंटिमीटर लांबीत किती दात येतात त्यावरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन तिकिटांची छपाई वेगळी असल्याचे कळते. कागद उजेडात धरल्यावर दिसणारे जलचिन्हही अशीच ओळख पटविते.

हवामान हा संग्राहकाचा खरा शत्रू. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात न वापरलेल्या तिकिटांचा डिंक ओलावतो आणि पूर्ण संच वहीला चिकटून बसतो, कागदावर तपकिरी ठिपके पडतात. गुरुग्रामच्या कोरड्या उन्हाळ्यात हा त्रास कमी. पण तेथे धूळ आणि कडक ऊन रंग उडविते. वही आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवावी.

एक काम मात्र शक्यतो करू नये. पूर्ण पाकीट किंवा कार्ड हाती असताना केवळ तिकिटासाठी ते कापू नये. पूर्वीच्या पिढीने ही चूक सर्रास केली. सुटे तिकीट हजारो ठिकाणी मिळते. ते लावून कोणी, कोणाला, कोठून पाठविले हे सांगणारा कागद एकदा कापला की परत मिळत नाही.

गुरुग्राममधील रहिवाशाला संसद मार्गावरील डाक भवनातील राष्ट्रीय टपाल तिकीट संग्रहालय जवळचे आहे. मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर गाडी न बदलता पटेल चौक स्थानकावर उतरले की ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. महाराष्ट्रातील वाचकांना मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाची वास्तू पाहता येईल. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारी ही इमारत जॉन बेग यांनी आराखडलेली असून ती १९१३ मध्ये पूर्ण झाली. नव्या तिकिटांसाठी तेथे फिलाटेली ब्युरो आहे. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी टपाल खात्याने २०१७ मध्ये 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्ती सुरू केली. तिची रक्कम वर्षाला ६,००० रुपये ठरविण्यात आली आणि त्यासाठी शाळेच्या फिलाटेली मंडळाचे सभासदत्व किंवा स्वतःचे फिलाटेली खाते ही अट ठेवण्यात आली.

वापरलेला कागद विरळ होत असताना

तिकिटे आजही निघतात, कदाचित पूर्वीपेक्षा अधिक. चंदनाचा गंध असलेले तिकीट २००६ मध्ये आले, गुलाबाचे २००७ मध्ये, कॉफीचे २०१७ मध्ये. परंतु त्यांपैकी बहुतेक ब्युरोच्या खिडकीतून थेट वहीत जातात. पत्रावर बसून प्रवास करीत नाहीत. दुसरीकडे रोजचे टपाल यंत्राने छापलेल्या चिठ्ठ्या लावून येते. रजिस्टर्ड पोस्ट ही जुनी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या टपालसेवेने चारशे वर्षांची पत्रवाटपाची परंपरा वर्षअखेरीस थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. पन्नास वर्षांनंतरच्या संग्राहकाला आपल्या काळातील कोरी, सुंदर तिकिटे हवी तितकी मिळतील. गावाचा शिक्का घेऊन खरोखर पोहोचलेले कार्ड मात्र त्याला शोधावे लागेल, आणि ते असेल की नाही हे बरेचसे आजच्या लोकांवर अवलंबून आहे.

गंमत अशी की, इंटरनेटने पत्र मारले म्हणतात, त्याच इंटरनेटवरून २००५ मध्ये पोर्तुगालमधील पाउलो मागाल्यायश यांनी 'पोस्टक्रॉसिंग' सुरू केले. यात सभासदाला अनोळखी व्यक्तीचा पत्ता मिळतो, त्या पत्त्यावर कागदी पोस्टकार्ड पाठवायचे असते आणि ते पोहोचल्याची नोंद झाली की तिसऱ्याच कोणाचे तरी कार्ड आपल्याकडे निघते. भारतातही त्याचे सभासद आहेत.

त्याहून सोपा मार्ग घरचाच आहे. घर बदलताना जुन्या ट्रंकेतील पत्रांचा गठ्ठा रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एक दुपार त्यासाठी काढता येते. ज्यांच्याकडे असा गठ्ठा नाही, त्यांनी टपाल कार्यालयात जाऊन पोस्टकार्ड विकत घ्यावे, ते गावाकडच्या नातेवाइकाला लिहावे आणि खिडकीवरील कर्मचाऱ्याला हातशिक्का जरा स्पष्ट उमटविण्याची विनंती करावी. बहुधा ती मानली जाते. तिकीट शिक्क्याखाली पूर्ण झाकले जाऊ नये, शिक्क्याचा निम्मा भाग कार्डाच्या मोकळ्या जागेवर यावा, म्हणजे गावाचे नाव आणि तारीख दोन्ही वाचता येतात. पत्ता ठळक लिहावा, आणि सहा आकडे विसरू नयेत.