गाय आजारी पडते नगरमध्ये, पण रोगाचं नाव ठरतं पुण्यात नाहीतर भोपाळमध्ये... मधल्या वेळेत काय होतं?

४ ऑगस्ट २०२२. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातलं चिनावल गाव. इथल्या जनावरांच्या अंगावर गाठी दिसल्या आणि त्या वर्षीच्या लम्पीच्या साथीची महाराष्ट्रातली पहिली नोंद झाली. पुढच्या महिनाभरात नगर, अकोला, धुळे, पुणे अशी जिल्ह्यांची यादी वाढत गेली. सप्टेंबर उजाडेपर्यंत जनावरांचे बाजार बंद करायची वेळ आली.

त्या दिवसांत सोशल मीडियावर तीन प्रश्न सगळीकडे फिरत होते. लस कधी मिळणार? भरपाई किती? आणि दूध प्यायचं की नाही?

चौथा प्रश्न मात्र फार कमी लोकांनी विचारला. हा लम्पीच आहे, हे ठरवलं कोणी आणि कसं?

हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण रोगाचं नाव ठरल्याशिवाय कोणती लस द्यायची, किती गावांत द्यायची, बाजार बंद करायचा का, जनावरांची वाहतूक थांबवायची का, यातलं काहीच ठामपणे ठरत नाही. आणि हे नाव ठरतं प्रयोगशाळेत. साथ आल्यावर ही प्रयोगशाळा किती वेगात उत्तर देणार, हे मात्र साथ येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

आधी नगरचंच का बोलायचं?

अहिल्यानगर, म्हणजे आधीचं अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरपेक्षा जास्त पसारा आणि १४ तालुके. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी या पट्ट्यात घरटी संकरित गाई. पारनेर, पाथर्डीकडे शेळ्या-मेंढ्यांचे कळप. घोडेगाव, लोणी, काष्टी इथले जनावरांचे बाजार जिल्ह्याबाहेरही माहीत आहेत.

आता या जनावरांची ये-जा बघा. दिवाळीच्या आसपास पाथर्डी, शेवगावकडचे ऊसतोड मजूर बैल घेऊन साखर कारखान्यांच्या भागात जातात. मेंढपाळ कळप घेऊन जिल्हे ओलांडतात. दुष्काळ पडला की चारा छावण्या उघडतात आणि गावोगावची जनावरं एकाच दावणीला येतात. २०१९ च्या दुष्काळात नगर जिल्ह्याने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलंय.

थोडक्यात, इथे रोग आला तर त्याला पसरायला वाटा भरपूर आहेत. आणि दुधाच्या पगारावर ज्या घराचा किराणा, शाळेची फी आणि सोसायटीचा हप्ता चालतो, त्या घरात एक गाय बसली तरी गणित बिघडतं. लम्पीने मेलेल्या दुधाळ जनावरासाठी सरकारने ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत ठरवली होती. चांगल्या दुधाच्या संकरित गाईचा बाजारभाव याच्या कितीतरी पुढे असतो.

डॉक्टरांना बघून कळत नाही का?

कळतं. अनुभवी डॉक्टर गोठ्यात पाय ठेवताच अंदाज बांधतात. पण अंदाज आणि निदान यात फरक आहे.

अंगावर गाठी आल्या म्हणजे लम्पीच असं नाही. कीटक चावल्याने, ॲलर्जीने किंवा दुसऱ्या एका विषाणूनेही तशा गाठी येतात. मेंढीच्या तोंडाला फोड आले तर ते लाळ्या खुरकूत असू शकतं, पीपीआर असू शकतं किंवा निळी जीभ हा रोगही असू शकतो. तिघांचा बंदोबस्त वेगळा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २००६ च्या सुरुवातीला नंदुरबारच्या नवापूरमध्ये पोल्ट्रीतल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. सुरुवातीला चर्चा होती राणीखेत म्हणजे मानमोडीची. तो कोंबड्यांचा जुनाच रोग. पण भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की हा बर्ड फ्लू आहे, एच५एन१. भारतातला पहिलाच. त्यानंतर लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि देशभर चिकन-अंड्यांचा बाजार झोपला.

लक्षणं सारखी, पण एक रोग मुख्यतः पक्ष्यांचा आणि दुसरा माणसाच्याही जिवावर उठू शकणारा. हा फरक डोळ्यांनी दिसत नाही.

नमुना नेमका कुठे जातो?

समजा अकोले तालुक्यातल्या एखाद्या गावात जनावरं आजारी पडली. पहिली पायरी गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना. तिथले डॉक्टर तपासतात आणि संशय आला की नमुने घेतात.

इथपासूनच गडबड होऊ शकते. पीसीआर चाचणीसाठी रक्त हवं असेल तर ते गोठू न देणाऱ्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यावं लागतं. रक्तजल हवं असेल तर लाल झाकणाची साधी नळी लागते. लम्पीसाठी गाठीची किंवा खपलीची खरवड लागते. लाळ्या खुरकुताचा विषाणू आम्लात टिकत नाही, म्हणून जिभेवरच्या फोडाची साल ठराविक सामू राखणाऱ्या द्रावणात ठेवावी लागते. कोंबड्यांच्या बाबतीत घशातून आणि विष्ठामार्गातून कापसाच्या काडीने नमुना घेतात.

आणि काही वेळा अंगाला हातच लावायचा नसतो. जनावर अचानक मेलं, नाका-गुदद्वारातून काळपट रक्त आलं आणि ते गोठत नसेल, तर संशय फाशी रोगाचा असतो. यालाच काळपुळी म्हणतात. असं जनावर फाडलं तर जंतूंना हवा लागते आणि त्यांचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून तिथे कानाच्या शिरेतल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन काम भागवतात.

त्यानंतर नमुन्यावर नाव, तारीख, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकायचा, तीन थरांत पॅक करायचं आणि बर्फात ठेवून पाठवायचं. जायचं कुठे? तर पुण्यात औंधला. तिथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे आणि तीच पश्चिम भारतासाठीची विभागीय रोग निदान प्रयोगशाळा आहे. नगर शहरातून पुणं १२० किलोमीटरच्या आसपास. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीतून किंवा जामखेडच्या टोकावरून आणखी लांब.

बर्ड फ्लूसारखा अतिधोकादायक रोग असेल, तर पक्का शिक्का भोपाळचा लागतो. तिथे राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यातल्या कोंबड्यांचं निदान असंच झालं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, तेव्हाही नमुने भोपाळलाच गेले आणि जानेवारीच्या सुरुवातीला कळलं की कारण बर्ड फ्लू होतं.

आता या साखळीत एक कडी कच्ची निघाली तर? बर्फ वितळला, नळी चुकीची निघाली, नाव पुसलं गेलं, तर पुण्यातलं लाखो रुपयांचं मशीन काहीच करू शकत नाही. नमुना परत मागवावा लागतो. आणि तोवर माश्या, डास, गोचीड आपलं काम करतच असतात. लम्पीत लागण झाल्यापासून गाठी दिसेपर्यंत काही दिवस ते चार आठवडे जाऊ शकतात. म्हणजे पहिली गाठ दिसते तेव्हा रोग शेजारच्या गोठ्यात कदाचित पोचलेलाही असतो. त्यात निदानाला लागलेला प्रत्येक दिवस जास्तीचा.

मग प्रयोगशाळा ‘तयार’ आहे म्हणजे काय?

आपल्याला वाटतं की इमारत आहे, मशीन आहे, म्हणजे तयारी आहे. पण तसं नसतं. तयारी रोज टिकवावी लागते.

पहिली गोष्ट, किट आणि रसायनं. चाचणीच्या किटला मुदत असते. एखादा रोग दोन वर्षं आला नाही तर त्याची किट न वापरताच बाद होतात. कागदावर हा खर्च वाया गेलेला दिसतो. पण अग्निशमन दलाच्या गाडीत पाणी भरून ठेवण्याला आपण वाया जाणं म्हणत नाही. साथ आल्यावर खरेदीची फाइल हलवायला घेतली तर उशीर झालेलाच असतो.

दुसरी, वीज. नमुने आणि रसायनं उणे २० ते उणे ८० अंशांवर ठेवावी लागतात. लाइट गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल नसेल, तर वर्षांचा साठा एका रात्रीत खराब होऊ शकतो. हा साठा महत्त्वाचा असतो, कारण विषाणू बदललाय का, हे जुन्या नमुन्यांशी ताडूनच कळतं.

तिसरी, यंत्रांची तपासणी. काही मायक्रोलिटर द्रव मोजणारी पिपेट जरा चुकली की निकाल चुकतो. विषाणू हाताळायच्या सुरक्षा कपाटातली हवा नीट गाळली जातेय का, हे दरवर्षी तपासून घ्यावं लागतं.

चौथी, माणसं. एखादी चाचणी येणारी एकच व्यक्ती असेल आणि ती रजेवर गेली किंवा तिचं कंत्राट संपलं, तर मशीनवर कापड टाकून ठेवायची वेळ येते. म्हणून प्रत्येक चाचणी किमान दोघातिघांना यायला हवी. आणि हात बसलेला हवा. चांगल्या प्रयोगशाळांना बाहेरून नाव न सांगता नमुने पाठवले जातात आणि उत्तर बरोबर येतं का ते बघतात. प्रयोगशाळेची ही परीक्षाच.

पाचवी, शांत दिवसांतलं काम. लाळ्या खुरकुताची लस दिल्यावर जनावरात प्रतिकारशक्ती आली का, गाभण गाई गाभडतायत त्यामागे ब्रुसेलोसिस आहे का, अशा रोजच्या नमुन्यांवरच प्रयोगशाळेचा हात चालता राहतो. वर्षभर ओस पडलेली लॅब साथीच्या दिवशी एकदम धावू शकत नाही.

आणि तयारी ढिली पडली तर?

ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात गाईंना लाळ्या खुरकूत झालं. याच रोगाने २००१ मध्ये तिथे ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली होती, त्यामुळे देश हादरला. शोध घेतला तर विषाणू निघाला जवळच्याच पिरब्राइट इथल्या संशोधन आणि लस निर्मितीच्या आवारातला. चौकशीत सगळ्यात जास्त शक्यता एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होती. सांडपाण्याचे जुने, गळके पाइप.

पाइप दुरुस्त करायला हवेत हे आधीपासून माहीत होतं. पण खर्च कोणी करायचा, यावर घोडं अडलं होतं. जगातल्या नामांकित प्रयोगशाळेच्या आवारातून रोग बाहेर पडला, तो देखभालीत.

आपल्याकडे काय चाललंय?

काही गोष्टी नक्कीच पुढे गेल्यात. २०२२ मध्ये राज्याने सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशाच्या लसीकरणाची मोहीम राबवली. त्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. खास लम्पीसाठीची ‘लम्पी-प्रोव्हॅक’ ही लस हिस्सार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी तयार केली आणि ती पुण्यात बनवण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात करार झाला.

त्याच महिन्यात नागपूरलाच राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि वन्यजीव यांचे रोग एकत्र बघायचे, ही तिची कल्पना. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने जागतिक पँडेमिक फंडाच्या २.५ कोटी डॉलरच्या मदतीतून पशुआरोग्य यंत्रणा मजबूत करण्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात प्रयोगशाळांची सुधारणाही आहे.

पण नव्या इमारतीची फीत कापताना फोटो निघतो. पिपेट तपासल्याचा, डिझेल भरल्याचा, तालुक्याच्या दवाखान्यात नमुन्याच्या नळ्या आणि बर्फाचा डबा पोचल्याचा फोटो कोणी काढत नाही. पुढच्या साथीत नगरच्या शेतकऱ्याचा वेळ वाचणार की जाणार, हे मात्र याच न निघालेल्या फोटोंवर ठरतं.

तुमच्या-आमच्या हातात काय आहे?

तुमच्याकडे जनावरं असतील तर ताप, गाठी, लाळ, लंगडणं, अचानक मर दिसली की थेट दवाखान्यात किंवा १९६२ या नंबरवर कळवा. आजारी जनावर वेगळं बांधा आणि लपवून बाजारात नेऊ नका. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची माहिती देणं ही मालकाची जबाबदारी आहे. संशयास्पद मेलेलं जनावर स्वतः फाडू नका. नमुना नेल्यावर अहवाल काय आला, हे डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

तुम्ही लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारत असाल, तर ‘लॅब कधी होणार’ याच्यासोबत आणखी तीन विचारा. आपल्या तालुक्यातून गेलेल्या नमुन्याचा अहवाल यायला किती दिवस लागतात? दवाखान्यात शीतपेटी चालू आहे का? मंजूर जागांपैकी किती भरल्यात?

आणि जनावरं नसतील, फक्त मोबाईल असेल, तर अहवाल येण्याआधी रोगाचं नाव फॉरवर्ड करू नका. लम्पी माणसाला होत नाही आणि दूध उकळून प्यायलं तर धोका नाही, हे २०२२ मध्ये सरकार घसा कोरडा करून सांगत होतं. तरी अफवा पुढे गेलीच. प्रयोगशाळेचं उत्तर यायला दोन दिवस लागतात, अफवेला दोन मिनिटं. आणि अफवेने दुधाची मागणी पडली, की ज्याची गाय ठणठणीत आहे त्याचंही नुकसान होतं.