जावामधील रेस्ट-सेवा आणि पुनरावृत्त विनंतीचा प्रश्न

रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेस सादर केलेल्या प्रबंधात ‘रेस्ट’ या रचनापद्धतीचे विवेचन केले. प्रत्येक संसाधनास स्वतःचा पत्ता असावा आणि प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी, ही तिची दोन प्रमुख लक्षणे होत.

जावा भाषेत अशा सेवा रचण्यासाठी २००८ साली ‘जॅक्स-आरएस’ हे प्रमाणक सिद्ध झाले. आज ते ‘जकार्ता रेस्टफुल वेब सर्व्हिसेस’ या नावाने ओळखले जाते. त्यानुसार क्लासवर ‘पाथ’ हे ॲनोटेशन लिहून पत्ता दर्शविला जातो आणि मेथडवर ‘गेट’, ‘पोस्ट’, ‘पुट’ अथवा ‘डिलीट’ यांपैकी क्रियापद नोंदविले जाते. विनंती येताच जर्सीसारखी लायब्ररी योग्य त्या मेथडला पाचारण करते.

तथापि, या क्रियापदांस एचटीटीपीच्या नियमांनी निश्चित अर्थ दिलेला आहे. ‘गेट’ केवळ वाचनासाठी असते. ‘पुट’ व ‘डिलीट’ या विनंत्या एकदा पाठविल्या काय किंवा अनेकदा पाठविल्या काय, त्यांचा अभिप्रेत परिणाम एकच असावा लागतो. ‘पोस्ट’ला अशी हमी नाही.

या भेदाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका विद्यार्थ्याने परीक्षा-शुल्क भरण्याची विनंती पाठविली. सर्व्हरने रक्कम जमा करून घेतली. परंतु उत्तर मार्गातच नष्ट झाले. विद्यार्थी तीच विनंती पुन्हा पाठवितो. ती ‘पोस्ट’ असेल, तर शुल्क दोनदा वसूल होण्याचा संभव आहे. याउलट, व्यवहारास आरंभीच क्रमांक देऊन त्या क्रमांकाच्या पत्त्यावर ‘पुट’ केल्यास दुसरी विनंती पहिल्याच नोंदीपाशी येऊन ठेपते.

परंतु मेथडवर ‘पुट’ लिहिल्याने हा गुण आपोआप प्राप्त होत नाही. मेथडच्या आत दर वेळी नवी नोंद घातली जात असेल, तरी जावाचा कंपायलर हरकत घेत नाही. ‘ही विनंती पूर्वी आली होती’ ही खूण ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये ठेवणेही निरुपयोगी ठरते. कारण जॅक्स-आरएसच्या मूळ नियमानुसार प्रत्येक विनंतीसाठी त्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट निर्माण होतो. आधी तपासणी व मग नोंद, हा क्रमही पुरेसा नाही. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्यास दोन्ही त्या तपासणीतून पार पडू शकतात. म्हणून व्यवहार-क्रमांक एकमेव असावा, असे बंधन डेटाबेसमध्येच घालणे इष्ट होय.

सारांश, ॲनोटेशन हे केवळ अभिवचन आहे. त्याचे पालन करण्याचे उत्तरदायित्व प्रोग्राम रचणाऱ्यावरच राहते.