गोठ्यातली नजर : भाग ९ – फोटोला खाज सुटत नाही

हल्ली सकाळचा चहा व्हायच्या आत मोबाईलवर फोटो येऊन पडलेले असतात. कालवडीची मान, बैलाचा पुठ्ठा, वासराचा कान. खाली एकच ओळ : ‘साहेब, चट्टा पडलाय, औषध सांगा.’ फोटो बहुतेक वेळा स्वच्छ असतो. पण मला जी गोष्ट सगळ्यात आधी हवी असते ती त्यात येत नाही. जनावर खाजवतंय का?

मालकाला विचारलं तर तो म्हणतो, ‘खाजवतं की थोडंफार.’ थोडंफार सगळीच जनावरं खाजवतात. म्हणून मी त्याला गोठ्यात पाठवतो. दहा मिनिटं काही न करता नुसतं बसायचं. खांबाची एक बाजू घासून तुळतुळीत झालीय का, गव्हाणीच्या कडेला केस चिकटलेत का, रवंथ अर्धा टाकून जनावर मध्येच मान वळवून पाठ चाटतंय का, ते पाहायचं. कातडीच्या आजारात निम्मं निदान इथेच होतं.

खाज जबरदस्त असेल तर पहिला संशय खरजेवर. डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बोगदा खणून राहतो, तिथेच अंडी घालतो. तोंड, मान, शेपटीचं मूळ इथून सुरुवात होते. केस झडतात, खपली धरते आणि काही आठवड्यांत कातडी जाड होऊन तिला घड्या पडतात. हिवाळ्यात खरूज बळावते, कारण जनावरं एकमेकांना खेटून बांधलेली असतात, केस वाढलेले असतात आणि अंगावर ऊन पडत नाही. दूध कमी झालं म्हणून खुराक बदलून पाहणारे मालक मी पाहिलेत. जनावराला रात्रभर बसू न देणारी खाज त्यांच्या हिशेबात नसते. खरजेचाच एक प्रकार मात्र या नियमाला बगल देतो. त्यात मानेवर, खांद्यावर वाटाण्याएवढ्या गाठी येतात, दाबल्या की पांढरी घट्ट पेस्ट निघते आणि खाज जवळपास नसते.

खरजेची खात्री करायची तर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. हे काम दवाखान्यात पाच-दहा मिनिटांचं आहे, पण दोन गोष्टींमुळे ते फसतं. एक म्हणजे लोक चट्ट्याच्या मधलं खरवडतात. किडा कडेला असतो, जिथे चांगली आणि खराब कातडी भेटते तिथे, आणि रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडावं लागतं. दुसरी म्हणजे जनावर दवाखान्यात आणण्याआधीच त्याला काहीतरी फासलेलं असतं. बहुतेक वेळा ट्रॅक्टरचं जळकं ऑईल.

या जळक्या ऑईलबद्दल एकदा स्पष्ट लिहितो. त्याने खपली मऊ पडते, दोन दिवस खाज कमी झाल्यासारखी वाटते, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण जनावर अंग चाटतं आणि इंजिनातले जड धातू त्याच्या पोटात जातात. वासरांच्या बाबतीत तर हा सरळ विषप्रयोग आहे. खपली मऊच करायची असेल तर कोमट पाणी, साबण आणि घासायला काथ्या पुरतो.

खरजेवर सर्रास वापरलं जाणारं इंजेक्शन म्हणजे आयव्हरमेक्टिन. १ टक्क्याच्या औषधाची मात्रा ५० किलो वजनाला १ मिली, आणि तीही फक्त कातडीखाली. पहिल्या मात्रेतून अंडी वाचतात, म्हणून १०-१४ दिवसांनी दुसरी मात्रा लागते. हे औषध दुधात उतरतं. दुभत्या गाईला ते द्यायचं नसतं, आणि नेमकी दुभतीच गाय खाजवत असते तेव्हा मालकाला घाई असते. दुकानातून बाटली आणून घरच्या घरी टोचू नका, हे मी याच औषधासाठी सगळ्यात जास्त वेळा सांगितलंय. दुभत्या जनावरासाठी वेगळा मार्ग असतो, तो डॉक्टरांना ठरवू द्या.

खाजेचं दुसरं कारण गोचीड. ती दिसते, म्हणून तिला कुणी आजार मानत नाही, आणि हीच चूक आहे. आपल्याकडे गाईच्या अंगावर सर्रास सापडणारी निळसर गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते, भिंतीच्या फटीत किंवा गवताच्या बुडाशी जाऊन दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. म्हणजे गाईच्या अंगावरची गोचीड मारून तुम्ही आजची पिढी संपवता, उद्याची भिंतीत बसलेली असते. अमिट्राझसारखं औषध लिटरभर पाण्यात २ मिली घालून फवारायचं तेव्हा गव्हाण, खांब आणि भिंतीच्या फटी त्यातून सुटता कामा नयेत. आधी जनावराला पोटभर पाणी पाजा. तहानलेलं जनावर ओलं अंग चाटतं. जखमेवर फवारू नका. पंधरवड्याने पुन्हा फवारा. औषध लागू पडेना म्हणून मात्रा दुप्पट करण्यात काही अर्थ नाही. डेल्टामेथ्रीनला दाद न देणाऱ्या गोचिडी देशात अनेक ठिकाणी आढळल्यात, तेव्हा औषधाचा प्रकार बदलावा लागतो. आणि गोचिडी झालेल्या गाईला ताप आला किंवा लघवी लाल झाली तर प्रश्न कातडीचा राहिलेला नसतो. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

आता खाज नसलेले किंवा अगदी कमी असलेले चट्टे. वासराच्या डोळ्याभोवती, कानावर, मानेवर रुपयाएवढे गोल, राखाडी, पिठूळ खपल्या धरलेले ठिपके दिसले की ते गजकर्ण. ही बुरशी आहे. इथे मी वासराआधी मालकाचा हात पाहतो. दूध काढताना, वासरू सोडताना मनगटाच्या वरच्या बाजूला जिथे जनावर घासलं जातं, तिथे त्याच्याही हातावर लाल कडं असेल तर बोलायलाच नको. गजकर्ण माणसाला होतं, घरातल्या पोरांना आधी होतं. बहुतेक वासरं दोन-चार महिन्यांत आपली आपण बरी होतात, त्यामुळे या काळात ज्याने जे लावलं ते गुणकारी ठरतं! तरी खपली काढून आयोडीन किंवा बुरशीचं मलम लावावं, ते बरं होण्यापेक्षाही पसरू नये यासाठी. काढलेली खपली जाळून टाका, कारण बुरशीचे बीजाणू लाकडी खांबात वर्षानुवर्षं टिकतात. वासराला ऊन द्या. तपासणीला केस पाठवायचे तर कागदाच्या पुडीत पाठवा, प्लास्टिकच्या पिशवीत ते सादळतात.

चामखिळींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विषाणूमुळे येतात, लहान जनावरांत जास्त, आणि काही महिन्यांत बहुतेक गळून जातात. सडावर असतील आणि धार काढताना दुखत असतील तरच त्यांच्या मागे लागा.

मला जास्त जागा द्यायचीय ती एका वेगळ्याच आजाराला, कारण तो दरवर्षी चुकतो. अकोल्याच्या डोंगरकडेला एका उन्हाळ्यात मला एक काळीपांढरी एचएफ कालवड दाखवली होती. कुणीतरी बुरशी म्हणून मलम दिलेलं, तीन आठवडे लावून झालेलं. पांढऱ्या भागावरची कातडी वाळल्या चामड्यासारखी कडक होऊन सोलत होती, खाली लाल मांस. आणि काळ्या भागावर एक ओरखडाही नाही. काळ्यापांढऱ्याच्या सीमेवरून बोट फिरवलं तर जखम नेमकी त्या रेषेवर थांबत होती. बुरशीला रंग कळत नाही, किड्यालाही कळत नाही. रंग कळतो तो उन्हाला.

पण ऊन तर दर उन्हाळ्यात असतं. मग याच कालवडीला का भाजलं? बांधावर हिरवं काही उरलं नव्हतं, तेव्हा तिने घाणेरी खाल्ली होती. घाणेरीतलं विष यकृतावर जातं. हिरव्या चाऱ्यातलं हरितद्रव्य पोटात मोडतं तेव्हा त्यातून एक रंगद्रव्य सुटतं. धडधाकट यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत आजारी पडलं की ते रक्तात राहतं, कातडीपर्यंत येतं, आणि वरून ऊन पडलं की तिथल्या पेशी भाजून काढतं. काळ्या कातडीतला रंग छत्रीसारखा आड येतो. मी त्या कालवडीच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली. आतून हळदीसारखी पिवळी होती. शेण घट्ट, रवंथ बंद, लघवी गडद. कातडी ही फक्त बातमी देत होती, आजार पोटात होता.

अशा जनावराला पहिलं औषध सावली. दिवसभर अंधाऱ्या गोठ्यात ठेवायचं, चरायला सोडायचं ते रात्रीच. पोटातलं विष काढणं, यकृताची औषधं, सलाईन हे डॉक्टरांचं काम. जखमांवर माशी बसणार नाही असं मलम लावायचं, नाहीतर चार दिवसांत आसड्या पडतात. ती कालवड वाचली, पण पांढऱ्या भागावर पुढे केस विरळच आले. बांधावरची घाणेरी उपटायला मालकाने त्यानंतर दोन मजूर लावले. मलमाला गेलेल्या पैशांत ते काम आधीच झालं असतं.

आणि लम्पी. तिचं नाव घेतलं की अजूनही लोकांचा आवाज खाली येतो. १९२९मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात, पहिल्यांदा नोंदला गेलेला हा आजार भारतात २०१९मध्ये ओडिशात दिसला, २०२०मध्ये गडचिरोलीत उतरला आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये जळगावातून राज्यभर पसरला. गाठी कशा ओळखायच्या? लम्पीची गाठ कातडीवर चिकटवल्यासारखी नसते, ती कातडीच्या पूर्ण जाडीत असते. चिमटीत कातडी उचलली की गाठही तिच्याबरोबर वर येते. घट्ट, गोल, २ ते ५ सेंटिमीटर. तिच्या आधी सणसणीत ताप आलेला असतो, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, खांद्यापुढची लसिकाग्रंथी हाताला लिंबाएवढी लागते. पाय आणि गळपोळी सुजते. याउलट अंगावर पित्त उठलं तर काही तासांत चकंदळं येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाहीशी झालेली असतात. २०२२मध्ये पित्त उठलेल्या कित्येक गाई लम्पीच्या भीतीने गावाबाहेर बांधल्या गेल्या.

विषाणू मारणारं औषध नाही. ताप उतरवणं, जखमेत दुसरे जंतू शिरू न देणं, मऊ चारा आणि पाणी तोंडाशी नेणं, यावर जनावर तरतं. गोठ्यातली चावरी माशी, डास आणि गोचीड आजार पसरवतात, म्हणून आजारी जनावर वेगळं बांधून धूर-फवारणी करणं हा निम्मा उपचार झाला. माणसाला लम्पी होत नाही, दूध उकळून प्यायला हरकत नाही. लसीबद्दल तेव्हा बराच गोंधळ होता : शेळीची लस गाईला कशी चालेल? चालते, कारण मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लम्पी हे एकाच घराण्यातले विषाणू आहेत, एकाची ओळख पटलेलं शरीर दुसऱ्याला अडवतं. पण लस निरोगी जनावराला द्यायची, आणि तिचा प्रभाव यायला तीनेक आठवडे लागतात. साथ गावात आल्यावर धावपळ करून उपयोग थोडाच. संशय आला तर १९६२ या क्रमांकावर कळवा, लपवू नका.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी एका वस्तीवर होतो. मिरवणूक काढायची नाही असं ठरलेलं, पण खांदेमळणी घरोघर चालूच होती. एक म्हातारबाबा तूप-हळद घेऊन बैलाचा खांदा चोळत बसले होते. बैलाच्या खांदेसुजीचं त्यांना चांगलं ज्ञान. जोडीतला एक बैल ठेंगणा असेल तर जू कुठे टेकतं, हे त्यांनीच मला पूर्वी दाखवलं होतं. चोळता चोळता हात मानेखाली गेला आणि थांबला. ‘डॉक्टर, हे जूचं नाही,’ ते म्हणाले. केसांखाली सुपारीएवढी एकच गाठ. मला ती बॅटरीच्या उजेडातही दिसली नाही, बोट ठेवल्यावर लागली. थर्मामीटर लावला, १०४.८. दुसऱ्या बैलाला त्याच रात्री मळ्यातल्या छपरात हलवलं.

पुढच्या आठवड्यात कास आणि सड.