लस चालत नाही, पण जहाज तर गाठायचे आहे

केपटाउनहून निघायचे आणि नामिबियातले वॉल्व्हिस बे, अंगोलाचे लुआंडा, घानातले ताकोराडी, आयव्हरी कोस्टचे अबिदजान, सेनेगलचे डकार अशी बंदरे घेत कॅनरी बेटांवर उतरायचे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याची अशी क्रूझ निवृत्त जोडप्यांना भुरळ घालते. मुले मार्गी लागलेली असतात, हाताशी वेळ असतो आणि सामान एकदा खोलीत लावले की रोज हॉटेल बदलायची दगदग नसते. पैसे भरून होतात, व्हिसाची कागदपत्रे जमू लागतात. मग कंपनीच्या सूचनांमध्ये एक ओळ दिसते: यलो फीवरच्या लसीकरणाचे प्रमाणपत्र नसेल तर जहाजावर घेतले जाणार नाही.

पेच इथेच सुरू होतो. अशी सफर ज्या वयात परवडते, त्याच वयात ही लस डॉक्टरांना विचार करून द्यावी लागते. वय साठीच्या पुढे, जोडीला संधिवाताची औषधे किंवा नुकतेच संपलेले कर्करोगाचे उपचार असतील, तर डॉक्टर सरळ नाही म्हणतात. देश लस मागतो, डॉक्टर देत नाहीत. या कात्रीतून सुटण्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी एक कागद ठेवला आहे, वैद्यकीय सूटपत्र. तो मिळवणे फारसे अवघड नाही. त्याच्या भरवशावर किती लांब जाता येते, हा खरा प्रश्न आहे आणि बहुतेकांना तो पैसे भरून झाल्यावर पडतो.

यलो फीवर हा डासांमार्फत पसरणारा विषाणूजन्य आजार. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांत तो ठाण मांडून आहे. बहुतेकांना ताप, अंगदुखी होऊन बरे वाटते. काहींना मात्र कावीळ होते, रक्तस्राव होतो, यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होतात. यावर नेमके औषध नाही. म्हणूनच लसीचे मोल मोठे. १९२७ साली, तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या घानात, असिबी नावाच्या एका रुग्णाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला गेला. त्याच वाणापासून मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये १७डी ही लस घडवली. १९३७ पासून ती वापरात आली आणि १९५१ मध्ये थायलर यांना नोबेल मिळाले. आज ताकोराडीच्या धक्क्यावर प्रवाशाच्या हातात जे कार्ड पाहिले जाते, त्यातल्या लसीचे मूळ असे त्याच देशातल्या एका माणसापर्यंत पोचते.

ही लस जिवंत विषाणूची आहे, दुबळा केलेला पण जिवंत. धडधाकट शरीर त्याला सहज आवरते आणि एका डोसात बहुतेकांना जन्मभराचे संरक्षण मिळते. प्रतिकारशक्ती ढासळलेली असेल तर मात्र हाच विषाणू शरीरात फोफावू शकतो आणि खुद्द यलो फीवरसारखाच आजार होऊ शकतो. हे फार क्वचित घडते. अमेरिकेतल्या नोंदींनुसार दहा लाख डोसांमागे साधारण तीन जणांना. पण साठीनंतर हे प्रमाण कैक पटींनी वाढते, आणि ज्यांना हा आजार होतो त्यांच्यातले जवळपास निम्मे दगावतात. मज्जासंस्थेवर होणारा दुसरा दुष्परिणाम याहून थोडा जास्त आढळतो, पण त्यातून बहुतेक जण बरे होतात.

जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातले नामवंत कर्करोगतज्ज्ञ प्रा. मार्टिन गोर ही लस घेतल्यानंतर अचानक वारले. त्यांनी साठी ओलांडली होती. ब्रिटनमध्ये या घटनेने खळबळ माजली आणि त्याच वर्षी तिथल्या औषध नियंत्रकांनी लसीचे नियम कडक केले. यलो फीवरचा धोका मोठा आणि न टाळता येणारा असेल तरच साठीपुढच्या माणसाला लस द्यावी, असा सल्ला आला. ‘लस तर आहे, टोचून घ्या’ असे दटावणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यायला हवे.

लस कोणाला देत नाहीत? सहा महिन्यांखालची बाळे, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी घेणारे, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेले, आणि छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीचा विकार असलेले, ज्यात मायस्थेनिया ग्रेव्हिसचे अनेक रुग्ण येतात. संधिवात किंवा सोरायसिससाठी अडालिमुमॅबसारखी इंजेक्शने घेणारे, बरेच दिवस मोठ्या मात्रेत स्टेरॉइडवर असलेले यांचाही क्रमांक याच यादीत. नुसते साठीपुढचे वय, गरोदरपण, स्तनपान या बाबतीत मनाई नाही, पण सावधगिरी आहे. तिथे धोका आणि गरज तोलून डॉक्टर ठरवतात.

लसीकरण केंद्रावर औषधांची यादी सांगताना मधुमेह, रक्तदाब आठवतो आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी नेमकी विसरली जाते. ती गोळी निर्णय फिरवू शकते. चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, आठवणीवर विसंबू नये.

अंड्याचे प्रकरण आपल्याकडे वेगळे वळण घेते. लसीचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवतात. अंडे जन्मात न खाल्लेल्या माणसाला आपल्याला त्याची ॲलर्जी आहे की नाही हे माहीतच नसते. तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. शंका असेल तर त्वचेवर चाचणी करून पाहता येते. पण ‘आम्ही शुद्ध शाकाहारी’ हे सूट मागायचे कारण होत नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत सूट आहे ती फक्त वैद्यकीय कारणासाठी. श्रद्धा, सुईची भीती किंवा निघायला उरलेले थोडे दिवस यांतले काहीच तिथे चालत नाही.

आता तो कागद. लसीचे पिवळे पुस्तक जगभर जवळपास एकाच नमुन्याचे असते: पासपोर्टवरचेच नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, प्रवाशाची स्वतःची सही, लसीची तारीख, उत्पादक आणि बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा अधिकृत शिक्का. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी हे प्रमाणपत्र लागू होते. लस देता येत नसेल तर अधिकृत केंद्रातले डॉक्टर कारण लिहून, सही-शिक्क्यासह सूट देतात. काही देशांच्या पुस्तकात त्यासाठी वेगळे पानच असते. शिवाय लेटरहेडवरचे पत्र हवे. त्यात पासपोर्ट क्रमांक, वैद्यकीय कारण, प्रवासाच्या तारखा आणि ‘लस दिल्यास धोका आहे’ असे स्पष्ट वाक्य. नियमांनुसार हा मजकूर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लागतो. अबिदजान, डकार, टोगोचे लोमे या बंदरांवर सारा कारभार फ्रेंचमध्ये चालतो, तेव्हा इंग्रजी पत्राशेजारी फ्रेंच मजकूर असलेला बरा. ‘प्रकृती ठीक नाही’ असा मोघम शेरा मारलेले फॅमिली डॉक्टरांचे पत्र धक्क्यावरच्या अधिकाऱ्याच्या गळी उतरत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. एकदा मिळालेली सूट पुढच्या सफरीसाठीही गृहीत धरू नये. प्रत्येक प्रवासासाठी ताजे पत्र घ्यावे.

इतके करूनही पत्र दाखवले की दार उघडलेच असे नाही. नियमांची भाषा काळजीपूर्वक वाचली तर दिसते की, डॉक्टरांचे मत अधिकाऱ्यांनी विचारात घ्यावे एवढेच त्यात म्हटले आहे. सूटपत्र असलेल्याला प्रवेश देता येतो, तसेच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते किंवा ताप आल्यास कळवण्याची अट घालून देखरेखीखाली ठेवता येते. निर्णय त्या देशाचा. त्याच्या आधी निर्णय जहाज कंपनीचा, कारण एका प्रवाशावरून बंदरात जहाज अडकलेले कोणत्याच कप्तानाला परवडत नाही. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कंपनीच्या वैद्यकीय विभागाला ईमेलने सरळ विचारावे: या तारखेच्या या सफरीत सूटपत्र स्वीकाराल का? आणि लेखी उत्तराची छापील प्रत पासपोर्टबरोबर ठेवावी. बुकिंग करणाऱ्या एजंटने फोनवर दिलेला ‘होऊन जाईल’ हा दिलासा गँगवेवर कामाला येत नाही. कंपनीने होकार दिला तरी वाटेतल्या देशांच्या दूतावासांना विचारणे उरतेच.

बंदरांचा क्रमही पाहावा लागतो. अंगोला, घाना, आयव्हरी कोस्ट येणाऱ्या प्रत्येकाकडे लस मागतात. सेनेगल ती मागतो रोगाचा धोका असलेल्या देशातून आलेल्यांकडे. म्हणजे मुंबईहून विमानाने थेट डकारला उतरणाऱ्याला जो नियम लागत नाही, तो घानामार्गे जहाजाने आलेल्याला लागतो. बंदर तेच, माणूस तोच, फक्त आधीचा मुक्काम वेगळा.

भारतीयांसाठी सगळ्यात अरुंद दार बहुतेक वेळा परतीचे असते. डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्या घराघरांत आहे, यलो फीवरही तोच पसरवतो, आणि भारतात हा रोग मात्र आजवर रुजलेला नाही. २०१६ मध्ये अंगोलातल्या साथीतून चीनमध्ये परतलेल्या ११ जणांना यलो फीवर झाल्याचे आढळले, तेव्हा साऱ्या आशियाच्या उरात धडकी भरली होती. भारताचा नियम त्यामुळे कडक आहे. धोक्याच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत आलेल्या, नऊ महिन्यांवरील प्रत्येकाने प्रमाणपत्र दाखवायचे, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलेल्यांनाही हेच लागू. जहाज धोक्याच्या बंदराला गेल्या तीस दिवसांत लागलेले असेल आणि त्यावर रीतसर डासनाशक फवारणी झालेली नसेल, तर त्यावरून उतरणाऱ्यांनाही. जगप्रदक्षिणेच्या जहाजांची मोम्बासाहून मुंबई किंवा मुरगाव अशी वाट असली की हा नियम सरळ अंगावर येतो.

मोम्बासाचेच पाहा. तिथे रोगाचा धोका कमी, म्हणून त्या शहरापुरत्या प्रवासासाठी अमेरिकी आरोग्य यंत्रणा साधारणपणे लस सुचवत नाही. पनामा कालव्याचेही तसेच. पण भारताच्या लेखी अख्खा केनिया आणि अख्खा पनामा धोक्याच्या यादीत. प्रकृतीसाठी लस लागते का आणि कागदासाठी लागते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर लस न घेणे हेच शहाणपणाचे. मग दुसऱ्यावर तोडगा काढायचा.

अनेकदा तो तोडगा कॅलेंडरात सापडतो. समजा, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या सत्तरीच्या बाईंना पनामा कालव्याची सफर करायची आहे आणि ती फ्लोरिडात संपते. पनामा सोडल्यापासून सहा दिवस पूर्ण उलटल्यावरच त्यांनी भारताचे विमान पकडले, तर मुंबईत तो प्रश्न उरत नाही. समुद्रातले दोन-तीन दिवस त्यात धरले जातात, बाकीचे फ्लोरिडात लेकीकडे किंवा हॉटेलात काढता येतात. फक्त धोक्याच्या यादीतले दुसरे बंदर, उदाहरणार्थ कोलंबियाचे कार्ताहेना, वाटेत लागले तर मोजणी तिथून नव्याने सुरू होते. बंदर सोडल्याच्या तारखा दाखवणारा कागद सोबत हवा.

कोकणातल्या कित्येक घरांत या सगळ्याची गरजच पडणार नाही. जहाजावर नोकरी केलेल्या माणसाने तरुणपणी ही लस टोचून घेतलेली असते आणि त्याचे पिवळे पुस्तक कपाटात सीडीसीच्या, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या पुस्तिकेच्या, गठ्ठ्यात पडलेले असते. त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली दिसली तरी ते फेकू नये. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर वैध धरले जाते आणि जुन्या कार्डांनाही ते लागू आहे. गंभीर दुष्परिणाम जवळजवळ सगळे पहिल्याच डोसानंतर आढळले आहेत. म्हणजे जुने कार्ड सापडणे हे सूटपत्रापेक्षा कितीतरी चांगले.

सूटपत्रामुळे अधिकाऱ्याची हरकत टळू शकते, डास टळत नाही. खोल समुद्रात भीती नाही. ती बंदरातल्या भटकंतीत आणि ॲमेझॉनमधून मनाउसपर्यंत आत शिरणाऱ्या सफरीत. हा डास दिवसाउजेडी चावतो, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, त्यांवर परमेथ्रिन, उघड्या अंगावर डीईईटी किंवा पिकारिडिन असलेले क्रीम दर काही तासांनी. जंगलातली सहल सोडून द्यावी. प्रतिकारशक्ती फारच कमी असलेल्याने आणि साथ सुरू असल्यास कोणीही लसीवाचून तिकडे जाऊच नये, असे सांगणारा डॉक्टर हिताचेच बोलत असतो. नॉर्वेचे फियॉर्ड आणि अलास्काचे हिमनगही जहाजातूनच दिसतात आणि तिथे हे कार्ड कोणी मागत नाही.

घरी परतल्यावर आठवडाभर तापावर लक्ष ठेवावे. आपल्याकडे ताप म्हटला की डेंगी, मलेरिया, लेप्टो यांच्या चाचण्या होतात. यलो फीवर पटकन कोणाच्या मनात येत नाही. म्हणून दवाखान्यात गेल्या गेल्या कोणकोणती बंदरे झाली, तिथून कोणत्या तारखेला निघालो आणि लस घेतलेली नाही, हे तीनही डॉक्टरांना सांगावे, आणि आपल्याला चावलेल्या डासातून रोग इथे पसरू नये म्हणून तापाच्या दिवसांत भर दुपारीसुद्धा मच्छरदाणीतच झोपावे.